आवाज फुटण्याचं वय

वरचा सा लागला नाही. लागला नाही असंही धड म्हणता येत नव्हतं. लागायला गेला आणि वाटेतच त्याचे दोन तुकडे झाले, एक जाड, एक बारीक, आणि मधल्या फटीतून नुसती हवा गेली. कलकत्त्याच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाचा शेवटचा दिवस. हॉलमध्ये दोन-अडीचशे माणसं, पुढच्या रांगांत बदलीवर आलेले बँकांचे आणि सरकारी खात्यांचे अधिकारी, त्यांच्या बायका, मागे जुनी कलकत्तेकर मंडळी, आणि वृषाली भैरवी गात होती. दरवर्षी तीच गायची. विसर्जनाआधी भैरवी आणि भैरवी म्हणजे वृषाली, हे न बोलता ठरून गेलं होतं. पेटीवर श्यामराव, हेही ठरलेलं. ती परकरात होती तेव्हापासून तेच तिच्या साथीला बसत आले होते, आणि ती त्यांना श्यामकाका म्हणत आली होती. आता ती थांबली तरी पेटीवरचा सा तसाच लांब, सरळ वाजत राहिला, वाट पाहत असल्यासारखा, आणि त्या सरळ सुराच्या शेजारी आपला फुटका आवाज सगळ्यांनी ऐकलाय हे तिच्या मानेवरून, कानांमागून, पाठीच्या कण्यावरून गरम होऊन चढत गेलं. मग तिने माईकमधून स्वतःचं बोलणं ऐकलं. ते स्वच्छ होतं, धारदार होतं, कुठेही फुटलेलं नव्हतं. "श्यामराव, काय दाबलंत हे? ऐकू येत नाही का तुम्हाला?"

काका नाही, श्यामराव. मागे कुणीतरी हसलं. श्यामरावांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे, कुणा दुसऱ्याचीच बोटं चुकून आपल्या पट्ट्यांवर आली असावीत तसं. "चुकलं," ते म्हणाले. "चुकलं माझं. घे पुन्हा." तिने पुन्हा घेतलं, पण वरच्या अंगाला गेलीच नाही, खालच्या सुरांतच फिरून भैरवी गुंडाळली, आणि लोकांनी नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या. घरी जाताना टॅक्सीत तिचा नवरा, सारंग, म्हणाला, "म्हातारा थकला गं आता. पुढच्या वर्षी तो बँकेतला नवीन मुलगा बसव, कीबोर्डवाला." खिडकीतून बाहेर रस्त्याच्या कडेला दुर्गापूजेच्या मंडपांचे बांबू उभे राहायला लागले होते. वृषाली म्हणाली, "हं." नंतर तिला वाटत राहिलं, की माईकवरचं ते वाक्य तोंडातून निसटलं असं एक वेळ म्हणता येईल. पण हा हुंकार निसटलेला नव्हता. टॅक्सीत बसून, शांतपणे, नवऱ्याच्या शेजारी तिने तो दिला होता.

कलकत्त्यात घाम लपवावा लागत नाही. ही सोय तिला गेली दोनेक वर्षं पुरली होती. शाळेत वर्गात गाणं शिकवता शिकवता एकदम छातीतून उकळी फुटायची, चेहरा लाल व्हायचा, ब्लाउज पाठीला चिकटायचा, आणि समोरच्या मुलीही वहीने वारा घेत बसलेल्या असायच्या. कुणाला काय कळणार? हिवाळ्यात मात्र पंचाईत व्हायची. सगळे माकडटोप्या आणि शाली घेऊन बसलेले आणि ही खिडकीशी जाऊन उभी. मग ती म्हणायची, स्वयंपाकघरातून आले, गॅसशी उभी होते. आभा, तिची मुलगी, शिकायला बंगळूरला गेल्यावर वृषाली आभाच्या खोलीत झोपायला लागली. सारंगला सांगितलं, तुला एसी सोसत नाही, मला लागतो. सारंग न्यू टाउनच्या ऑफिसातून दमून यायचा, त्याने फार विचारलं नाही. सुरुवातीला सुटीच्या दुपारी तो दारात येऊन उभा राहायचा, काही न बोलता, चष्मा हातात घेऊन. ती म्हणायची, डोकं दुखतंय. एकदा डोकं दुखत नव्हतं आणि तिने त्याला येऊ दिलं, आणि जे पूर्वी कधी दुखलं नव्हतं ते इतकं दुखलं की तिने उशीचा अभ्रा दातांत धरला. त्याला वाटलं, तिला आवडलं. हे आठवलं की अजूनही तिचे कान तापायचे, आणि लाज नेमकी कशाची वाटते, दुखण्याची, खोटेपणाची की त्याच्या त्या समाधानी चेहऱ्याची, हे तिला वेगळं काढता यायचं नाही. पुढे तो दारात यायचा थांबला. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीही लाज वाटली.

ह्या सगळ्याला तिच्याकडे शब्दच नव्हते. बाहेरच्या जगातलं सगळं ती बंगालीत बोलायची, शाळेतलं इंग्रजीत. मराठी घरातली आणि गाण्यातली. आणि घरातल्या मराठीत शरीराविषयी आईने जे दिलं ते एवढंच, 'अडचण आहे', 'बरं नाही', 'अंगावरून जातंय', तेही आवाज खाली घेऊन, बाबा पेपर वाचत असले तरी. आई पुढचे शब्द द्यायला राहिलीच नाही. पंचेचाळिशी ओलांडल्या ओलांडल्या गेली, तापाचं निमित्त होऊन. त्यामुळे त्या वयापुढची बाई घरात कशी वावरते, कशी चिडते, कशी घामेजते, काय म्हणून वेळ मारून नेते हे वृषालीने पाहिलंच नव्हतं. आईच्या वयाच्या पुढे गेल्यापासून तिला वाटायचं, आता आपण अशा रस्त्यावर आहोत की जिथे पुढे कुणाची पाठ दिसत नाही.

कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिने तो दोन दिवस उघडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, सारंग ऑफिसला गेल्यावर, घरात कुणी नसतानाही न्हाणीघरात जाऊन, कडी लावून, कानात इअरफोनची बोंडं घालून तिने तो ऐकला. पेटीवर सा होता. स्वच्छ, भरलेला, वेळेवर लागलेला. त्याच्यावर चढू पाहणारा आवाज बाईचाही नव्हता आणि पुरुषाचाही नव्हता. शाळेत असताना वरच्या मजल्यावरच्या मुलाचा आवाज फुटला होता, तेव्हा त्याची आई कौतुकाने सगळ्यांना सांगत फिरली होती, आमचा बाबू मोठा झाला. मुलगा सहा महिने कोंबड्यासारखा बोलत होता आणि सगळी इमारत हसत होती, प्रेमाने. वृषाली उलट्या बादलीवर बसून तो फुटका सा पुन्हा पुन्हा ऐकत राहिली, आणि मग त्याच्या पुढचं वाक्य, आणि मग ते हसू. हसणारी बाई कोण हेही तिने ओळखलं.

घशाच्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं, गाठ नाही म्हणाला, आणि तिचं वय पुन्हा एकदा विचारून एक पत्ता दिला. लेक गार्डन्सला एका जुन्या घराच्या तळमजल्यावर बायकांच्या डॉक्टर सेनगुप्ता बसायच्या. साठीच्या असतील, केस रंगवलेले नव्हते, आणि बोलताना लिहीत नव्हत्या, सरळ तोंडाकडे बघत होत्या. वृषालीला ते फार अवघड गेलं. बोलणं बंगालीतच झालं.

"घशासाठी आले," वृषाली म्हणाली. "गाते मी. पण त्यांनी इथे का पाठवलं कळलं नाही."

"पाळी नियमित आहे?"

"मागेपुढे होते."

"झोप?"

"लागते."

"लागते, की मध्येच घामाने जाग येते?"

वृषालीने पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "येते कधीकधी."

"सांधे? सकाळी उठल्यावर बोटं आखडतात?"

"गुडघ्यांचं औषध चालू आहे. ते दुसऱ्या डॉक्टरांचं."

"छातीत धडधड?"

"त्यासाठी हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. काही निघालं नाही."

"लघवीला जळजळ? खाली कोरडेपणा? नवऱ्याबरोबर त्रास होतो?"

"नाही, नाही," वृषाली म्हणाली. "तसं काही नाही. आमचं सगळं ठीक आहे."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. बाहेर रिक्षाचा भोंगा वाजला. मग त्या म्हणाल्या, "हे बघा, ही संप्रेरकं नुसती पाळीपुरती नसतात. हाडं, हृदय, कातडी, झोप, मन, सगळीकडे त्यांचं काम असतं. गळ्यातसुद्धा. ती कमी व्हायला लागली की आवाज जाड होतो, वरचे सूर जातात, कोरड पडते. गुडघे एकाला दाखवलेत, छाती दुसऱ्याला, घसा तिसऱ्याला. तुम्हाला अख्खं कुणी पाहिलंच नाही." आणि जराशाने, रागाने नव्हे, "तुम्हीही कुणाला अख्खं सांगितलं नाही."

मग त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, थायरॉइडही एकदा बघून घेऊ म्हणाल्या; हाडांचं मोजून घेऊ, वजनं उचलायचा व्यायाम सुरू करा, खाण्यात डाळी, अंडी, मासे वाढवा, आणि हॉर्मोनची औषधं घ्यायची की नाही ते अहवाल पाहून, फायदे-तोटे दोन्ही समोर ठेवून मिळून ठरवू. आवाजाचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, काही सुधारेल, काही परत येणार नाही. वृषाली उठता उठता थांबली. "आणि स्वभाव?" तिने विचारलं. "म्हणजे, माणूस रागात एखाद्याला काही बोलून गेलं तर… ते ह्यामुळे असू शकतं?"

"चिडचिड वाढते खरी. झोप नसली की वाढणारच. कुणाला बोललात?"

"नाही, नाही. सहज विचारलं."

लेक गार्डन्सहून भवानीपूरला येईपर्यंत शेअर ऑटोत तिला खूप हलकं वाटत होतं. निमित्त सापडलं होतं, तेही डॉक्टरच्या तोंडचं. ते मी बोललेच नव्हते, माझ्यातलं काहीतरी कमी झालं होतं आणि ते बोललं. हाजराच्या चौकात ऑटो सिग्नलला थांबली. शेजारी बसलेल्या बाईने आपलं पोतं हिच्या पायावर टेकवलं. पाय चेंगरला, खूप दुखला, कानशिलं तापली, आणि वृषाली काही बोलली नाही. बाई धिप्पाड होती, भांडली असती. तेव्हा तिचा तो हलकेपणा गेला. चिडचिड आंधळी असते, समोर येईल त्याला बोलते. तिचं ते वाक्य आंधळं नव्हतं. त्याने माणूस निवडला होता, उलटून न बोलणारा. जागा निवडली होती, त्याचा कान, कारण पेटीवाल्याकडे दुसरं असतं काय? आणि माईक निवडला होता. आवाज शरीराने फोडला असेल, पण वाक्य अख्खं तिचं होतं.

त्या आठवड्यात मंडळाच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं, की आपले ज्येष्ठ साथीदार श्यामराव ह्यांनी प्रकृतीच्या कारणाने यापुढे साथ न करण्याचं ठरवलं आहे, मंडळ त्यांचं ऋणी आहे. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेत सारंगचंही चित्र होतं. वृषालीने अंगठा त्या चित्रावर नेला, आणि तो पडद्यावर टेकायच्या आत मागे घेऊन फोन पालथा ठेवला.

रविवारी तिने सारंगला सांगितलं, शाळेच्या कामाला जाते. सियालदावरून बराकपूरची गाडी धरली. गाडीत मोकळी जागा होती, तरी ती दाराशी उभी राहिली आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत गेली. काका, त्या दिवशी माझा घसा बसला होता. काका, माझी तब्येत बरी नव्हती. प्रत्येक वाक्य अर्धं खरं होतं आणि प्रत्येकात ती लपत होती. खरं बोलायचं तर पाळीबद्दल बोलायला लागणार होतं, पंचाहत्तरीच्या माणसाशी, मराठीत, ज्या भाषेत तिने तो शब्द कुठल्याही पुरुषापुढे, नवऱ्यापुढेसुद्धा, मोठ्याने उच्चारला नव्हता. गुन्हा कबूल करायला तिची तयारी होती. शरीर कबूल करायला नव्हती. आणि एकाशिवाय दुसरं सांगताच येत नव्हतं.

श्यामराव लष्कराच्या हिशेब कचेरीत कारकून होते आणि निवृत्त झाल्यावरही बराकपूरलाच राहिले. ती त्यांच्या घरी एवढ्या वर्षांत दोनदा गेली असेल. दार त्यांनीच उघडलं. गंजीवर होते, खांद्यावर ओला पंचा. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच ओशाळला.

"अगं वृषाली! ये, ये. बरं झालं आलीस. मलाच यायचं होतं तुझ्याकडे, माफी मागायला. पण हिला टाकून निघता येत नाही."

आतल्या खोलीत शोभाकाकू पलंगावर उताण्या पडल्या होत्या. होळीला न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, त्याआधी मनगट. मंडळात कुणीतरी म्हणालं होतं, काकू पडल्या म्हणे. वृषालीही 'अरेरे' म्हणाली होती. गणेशोत्सवाच्या दिवशी श्यामराव शेजारणीला बसवून आले होते, भैरवीसाठी. हे तिला आता कळत होतं, त्या खोलीत, डेटॉलच्या आणि तेलाच्या वासात, पायात चपला घालून उभी असताना. तिने चपला काढल्या.

"कान दाखवून आलो मी," श्यामराव स्टुलावर बसत म्हणाले. "मशीन लावून तपासला. वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाला. पण मशीनला सुरातलं काय कळणार? तुझा कान मी लहानपणापासून ओळखतो. तू म्हणालीस म्हणजे चुकलंच असणार. आणि चुकलेलं मलाच कळलं नाही, ह्याचंच वाईट वाटतं बघ. सूर चुकतो, माणूस आहे. पण चुकला ते कळू नये?"

"त्या दिवसापासून पेटीला हात लावलेला नाही," शोभाकाकू छताकडे बघत म्हणाल्या. "रोज सकाळी वाजवायचे. मी पडल्या पडल्या ऐकायचे. आता पंखा ऐकते."

"काका," वृषाली म्हणाली, "माझा घसा बसला होता."

"असू दे गं, तू कशाला स्वतःकडे…"

"नाही. घसा नव्हता बसला." तिने दोन्ही हातांनी पलंगाचा कठडा धरला. छातीतून उकळी वर यायला लागली होती, नेमकी आता, आणि ह्या वेळी पदराने टिपायलाही हात मोकळा नव्हता. "तुमचा सा बरोबर होता. मी व्हिडिओ ऐकलाय, दहादा ऐकलाय. माझा आवाज फुटला. माझी… माझी पाळी जातेय काका. आवाज बदललाय त्याने. वरचं लागत नाही आता. दोन वर्षं मी लपवतेय. त्या दिवशी सगळ्यांसमोर उघडं पडायची वेळ आली आणि मी तुमच्यावर ढकललं. तुम्ही काही बोलणार नाही हे माहीत होतं मला. म्हणून ढकललं."

श्यामराव जमिनीकडे बघत होते. 'पाळी' शब्दाला त्यांचा एक पाय नकळत मागे गेला, कुणी अंघोळीला बसलेलं दिसलं की माणूस वळतो तसा. मग ते उठले. "चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले. भांड्याचा आवाज आला, नळाचा आला. वृषाली उभीच होती. आता ते चहा घेऊन येतील, पोरी तू असं करायला नको होतंस म्हणतील, किंवा नुसतं ये आता म्हणतील. कशालाही ती तयार होती. ते चहा न घेताच दारात आले, हातात रिकामं पातेलं.

"म्हणजे मी सा-च दाबला होता?"

"सा-च होता काका. स्वच्छ होता."

"आणि आधीचा कोमल निषाद? तोही?"

"तोही."

"शोभा, ऐकलंस?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका चढला की वृषाली दचकली. "कान ठीक आहे माझा! मी म्हणत नव्हतो, बोट सरकलं असतं तर बोटाला कळलं असतं?" ते हसले, पातेल्याकडे बघून हसले, पुन्हा आत गेले. त्यांच्या आनंदात तिच्यासाठी जागाच नव्हती. राग नाही, क्षमा नाही. ती काय बोलली, कुठल्या तोंडाने बोलली, त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यांना सा परत मिळाला होता. तिने कवडी कवडी करून आणलेली शरम तिच्याच हातात राहिली.

"बस," शोभाकाकू म्हणाल्या. ती पलंगाच्या कडेला टेकली. "हे विसरतील. आजच विसरले. मी नाही विसरणार. तू तेव्हा माईकवर बोललीस ना? आणि आता इथे, दार लोटून, खोलीत सांगतेस."

"काकू…"

"थांब, बोलू दे मला. अडतिसाव्या वर्षी माझं सगळं काढून टाकलं. अंगावरून फार जायचं. पिशवीबरोबर बाकीचंही काढलं. कशाला, ते कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही, लाज वाटायची. पुढे हाडांचं काय होईल, हेही कुणी बोललं नाही. अंगातून वाफा निघायच्या तेव्हा मी गच्चीत जाऊन उभी राहायचे. ह्यांना सांगायचे, कपडे वाळत घालतेय. नसलेले कपडे वाळत घातले मी, वर्षानुवर्षं." त्या हसल्या नाहीत. "मंडळात तेव्हा तीस-चाळीस बायका होतो आम्ही. हळदीकुंकवाला जमायचो. एकीने एकीला विचारलं नाही, तुला काय होतं म्हणून. लाजेने मी कुणाचं वाईट केलं नाही, माझं केलं. तू दुसऱ्याचं केलंस. ते तुला इथे बसून पुसता यायचं नाही."

वृषालीने पर्समधून फोन काढला. ग्रुपवर सगळ्यात वर कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा फोटो होता. लिहायला गेली आणि थांबली. लिहिलेलं खोडता येतं, सजवता येतं. तिने माईकच्या खुणेवर अंगठा दाबून धरला. "मी वृषाली बोलतेय," ती म्हणाली, आणि तिला आपला आवाज खोलीत ऐकू आला, जाड, कोरडा. "विसर्जनाच्या दिवशी श्यामकाकांचा सूर चुकला नव्हता. माझा आवाज फुटला होता. माझी पाळी जायला लागलीय, त्याने माझा आवाज गेला. मला लाज वाटली म्हणून मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले. ते खोटं होतं. त्यांचा कान आपल्या सगळ्यांपेक्षा…" इथे पुन्हा तसंच झालं, दोन तुकडे आणि मध्ये हवा. "सगळ्यांपेक्षा चांगला आहे. मी त्यांची माफी मागते." तिने अंगठा उचलला. संदेश गेला. पुन्हा ऐकून बघायचा तिला धीर झाला नाही.

श्यामराव चहा घेऊन आले. त्यांनी कप तिच्या हातात दिला, तिच्याकडे न बघता, आणि कोपऱ्यातल्या पेटीवरची चादर काढून पेटीपुढेच मांडी घातली. फोन थरथरला. सेक्रेटरींनी लिहिलं होतं, ताई काळजी घ्या, परंतु ग्रुपवर कृपया मंडळाविषयीच लिहावे, येथे सर्व प्रकारचे सदस्य आहेत. त्यानंतर कुणीच काही लिहिलं नाही. दोन-अडीचशे माणसांची ती शांतता तिने हातात धरली. मग सारंगचा फोन आला.

"काय पाठवलंस हे? सगळ्यांनी ऐकलं असेल. आणि तू शाळेत आहेस ना?"

"नाही. बराकपूरला आहे, श्यामकाकांकडे. शाळेचं खोटं सांगितलं."

आता तो चारचौघं काय म्हणतील हे सगळं बोलेल असं तिला वाटलं. "ते डोकं दुखणं," सारंग म्हणाला, हळू, ऑफिसात कुणी ऐकेल म्हणून बोलतो तसं, जरी तो घरी एकटाच होता. "ते हेच होतं का? मला वाटायचं, मीच नकोसा झालोय."

ह्या बाजूने तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिची लाज एवढी मोठी होती की तिच्या पलीकडे, दारात चष्मा घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही लाज वाटत असेल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. "घरी येऊन सांगते," ती म्हणाली. "सगळं सांगते. जेवू नकोस, थांब."

श्यामरावांनी भाता ओढला आणि सा धरला. नुसता सा. कान पट्ट्यांजवळ नेऊन ऐकला, सोडला, पुन्हा धरला. तिला गा म्हणाले नाहीत. तिलाही गावंसं वाटलं नाही. "वृषाली," शोभाकाकू म्हणाल्या, "पेटी चालू झाली की हे उठायचे नाहीत आता. माझी पाठ भिजलीय. मला कुशीवर कर." तिने कप खाली ठेवला, एक हात काकूंच्या खांद्याखाली घातला, एक मांडीखाली. पाठ घामाने गच्च होती. ते अंग इतकं हलकं लागलं की तिला भीती वाटली आणि तिने हात अर्धवट मागे घेतले.

"चाचपतेस काय?" काकू म्हणाल्या. "मोडणार नाही मी. लाव जोर."

वृषालीने गुडघा पलंगावर टेकवला आणि जोर लावला.